सलोनीची भूक

बोरी अरब
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शीला,

जयभीम. टाके सुकत आले असतील. वाकून काही उचलू नको, बादलीसुद्धा राजदीपजींनाच भरू दे. इकडं आम्ही बऱ्या आहोत. कापूस वेचणी सुरू झाल्यापासून बायका लेकरांना लवकरच अंगणवाडीत सोडून शेतात जातात. सलोनी त्यांना गाणी शिकवते. लहान पोरं तिच्या मांडीवरून उठत नाहीत.

रविवारी राजदीपजी तिला न्यायला येतील, तेव्हा ही चिठ्ठी तिच्या दवाखान्याच्या फाइलीत असेल. फोनवर मी भलतंच बोलत बसते, म्हणून लिहिते.

तिचं वजन वाढलं. ऑपरेशनला जाताना तू तिला इथं सोडलंस तेव्हा एकसष्ट किलो होतं, शुक्रवारी साडेपासष्ट भरलं. किती पोळ्या, किती वाजता, असा तू दिलेला कागद मी पहिल्याच दिवशी कपाटात टाकला. स्वयंपाकघरासाठी दिलेलं कुलूपही. बावीस वर्षं अंगणवाडीत लेकरांचं वजन वाढावं म्हणून काटा धरते, आणि स्वतःच्या भाचीला मोजून वाढू? पोटभर मिळालं की तिची हाव आपोआप जाईल, असं मी धरून चालले.

गेली नाही. पाच भाकरी खाऊन ती ताटापुढं बसून राहायची. एका दुपारी मी मीटिंगहून आले तर पोषण आहाराचं पाकीट फोडून कोरडं पीठ खात होती. ठसका लागलेला, डोळ्यांत पाणी, तरी हात थांबत नव्हता. मी पाकीट काढून घेतलं तर म्हणाली, "मावशी, तू कुलूप काहून नाही लावत?"

"तुले राग नाही येत कुलपाचा?"

"आईनं लावलं की मले विचार करा लागत नाही. येथं दिवसभर तेच डोक्यात राह्यते."

शुक्रवारी तिला नागपूरला तपासणीला नेलं. डॉक्टर बाईंनी वजन पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत. कागदावर मेंदू काढून त्यात खाली मधोमध एक ठिपका दिला. म्हणाल्या, "हा हायपोथॅलॅमस. जेवल्यावर पोट आणि अंगातली चरबी 'आता पुरे' असा निरोप इथं पाठवतात. तीन वर्षांपूर्वी काढलेली हिची गाठ याच जागेला चिकटून होती, त्यामुळे ही जागा दुखावली. निरोप निघतो, पण घ्यायला कोणी नाही. मग मेंदू हिला उपाशीच समजतो, थोडं खाल्लं तरी साठवायला लावतो. हा हिचा हट्ट नाही. 'पुरे' हे घरच्यांनीच बाहेरून म्हणायचं. हिची आई ते फार नीट करते."

त्या दिवसापासून तुझ्या कागदाप्रमाणं वाढते, कुलूप लावते. भूक लागली असं ती म्हणते, पण दाराशी घुटमळत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मागच्या वर्षी कोणीतरी मुलांच्या हेल्पलाइनवर तुझी तक्रार केली. दोन माणसं घरी आली, सलोनीला बाजूला नेऊन विचारपूस केली. कुलूप शेजारच्या ममतानंच पाहिलेलं, म्हणजे तक्रारही तिचीच, असं धरून तू तिच्याशी बोलणं सोडलंस. बुद्धपौर्णिमेला आले तेव्हा ते मीही पाहिलं होतं, शीला. फोन मी केला. नाव सांगितलं नाही. कुलूप स्वयंपाकघराला होतं, पण मी सांगितलं की पोरीला कोंडतात, उपाशी ठेवतात. तू रडत मला सगळं सांगितलंस, तेव्हा मीही ममतालाच बोल लावला.

सोमवारी मी बाभुळगावला आले होते. तुझ्या दारावरून गेले, थांबले नाही. ममता अंगणात सोयाबीन निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "घरातलंच कोणी असन, हे मले समजलं होतं. पण तुमच्या बहिणीले ते सांगून मी कायले वाईट होऊ?" मला 'बसा' म्हणाली नाही. तिचं बरोबर होतं.

माझ्यावर राग धर, तो खरा आहे. पण आधी ममताकडं जाऊन ये.

पुढच्या तपासणीची तारीख दहा डिसेंबर आहे. तुला तेवढा प्रवास अजून झेपणार नाही. मी सकाळी सहाला बाभुळगावच्या स्टँडवर येऊन उभी राहीन. सलोनीला माझ्याबरोबर पाठवायचं की नाही, ते तू ठरव. पाठवली नाहीस तर कारण विचारणार नाही.

जिनं तो फोन केला ती, आणि तरी तुझीच,
नलू