ओकच्या कपाटातला बँड

२ जानेवारी १९८३
नव्या वर्षाचे संकल्प. एक: शिशाच्या सैनिकांच्या संग्रहाची शास्त्रशुद्ध व्यवस्था लावणे. दोन: पत्नी हिल्डाने पिसांचा झाडू घेऊन माझ्या खोलीत येण्यावर कायमची बंदी. तीन: वॉल्टचा बँड वॉल्टला परत करणे, यथावकाश.
सैन्यगणना केली. दोनशे चौदा. पैकी धड एकशे ब्याण्णव. बाकीचे हात, मुंडकं किंवा घोडा गमावून बसलेले. तरी शिस्त वाखाणण्याजोगी. तीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलं, एकही वर्ग इतका स्तब्ध उभा राहिला नाही.

८ जानेवारी
मेथडिस्ट हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार. दार दहाला उघडतं, मी सव्वानऊला रांगेत. शिशाच्या सैनिकांनी भरलेला बुटांचा खोका मला दिसला आणि त्याच क्षणी एका बाईंच्या काखेत गेला. त्यांना सौजन्याने सांगितलं, की तो निव्वळ कचरा आहे, द्या, मी फेकून देतो. बाई म्हणाल्या, कचऱ्यासाठी तुमचे कान एवढे लाल का झालेत?
या देशात संग्राहकाला मान राहिलेला नाही.

१६ जानेवारी
वॉल्टचा फोन. धाकटा भाऊ. अख्खं आयुष्य लिंकनशायरातल्या चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे बसवण्यात गेलं. बोलणंही पत्रा ठोकल्यासारखंच.
बँड मूळचा त्याचा, हे मला मान्य आहे. शिशाचे एकवीस वादक, लाल डगले, काळ्या केसाळ टोप्या, पुढे दंड उंचावलेला बँडमास्तर. मामाने त्याला सातव्या वाढदिवसाला दिला होता. एक्कावन्न साली लष्करात भरती होताना त्याने तो माझ्याकडे सांभाळायला ठेवला. परत आला तेव्हा मी तो साफ करत होतो. काम नाजूक आहे. अजून चालू आहे.
आता त्याची नात फिलिपा पुढल्या वर्षी सप्टेंबरात सात वर्षांची होईल, तिला तो द्यायचा म्हणतो. मी म्हणालो, की लहान मुलं सैनिक तोंडात घालतात, आणि शिसं विषारी असतं. तो म्हणाला, शिशाचं मला तू शिकवणार? तिला हात धुवायला लावीन मी. आणि बर्ट्रम, तू बँड सांभाळत नाहीस रे, ओलीस ठेवलायस.
शिक्षणाचा अभाव. तरी शब्द दिला: सप्टेंबर चौऱ्याऐंशी. वीस महिने आहेत. वीस महिन्यांत माणसाचं मन बदलतं.

१९ फेब्रुवारी
कपाट आलं. अस्सल ओक, ताजा कापलेला. सुतार म्हणाला वास पाहा. पाहिला. काचेची दारं, कडांना रबर, दोन कुलपं. आता धूळच काय, हवासुद्धा माझ्या परवानगीशिवाय आत जाणार नाही. सैन्य आत हलवलं. बँड मधल्या फळीवर, डोळ्यांच्या रेषेत.
हिल्डा म्हणाली, मी मेले की मलाही यातच ठेव, निदान रोज बघशील तरी.

१४ मार्च
वॉल्टचं पत्र. कपाट ओकचं असल्याचं त्याला हिल्डाकडून कळलंय. (फितुरी.) लिहितो, की ओकमध्ये आंबट असतं, ते शिसं खातं. नव्या ओकवर आम्ही शिशाचा पत्रा थेट कधीच अंथरत नाही, खालून पांढरा भुगा होतो. दारं बंद ठेवलीस तर आणखी लवकर. सगळे बाहेर काढ, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव. बँड मला नाही दिलास तरी चालेल, पण बाहेर काढ.
शेवटच्या वाक्यावरून डाव उघड होतो. अन्वयार्थ: एकदा बाहेर काढ, मग नेणं सोपं. शिवाय चर्चचं छप्पर आणि राजाचं पायदळ यांत काही फरक आहे की नाही? उत्तर पाठवलं नाही.
संकल्प: पुढल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या, आमच्या सैनिकसंग्राहक क्लबच्या प्रदर्शनापर्यंत कपाट उघडायचं नाही. किल्ली गळ्यात.

११ जून
क्लबची सभा. सेक्रेटरी पिंचबेक याने मूळ लाल खोक्यातले, कधीही न हाताळलेले उंटस्वार दाखवले. खोका उघडताना हातमोजे घातले होते. गेल्या प्रदर्शनात याच माणसाने माझं टेबल स्वच्छतागृहाशेजारी लावलं होतं. लोक रांगेत उभे राहून सैन्य पाहत, पण मन लावून नाही.
पुढल्या वर्षी मध्यभागी मी. एकवीस वादकांचा अखंड बँड पिंचबेककडे नाही.

३० ऑक्टोबर
काचेतून पाहताना ढोलवाल्यांच्या बुटांवर किंचित पांढरं दिसलं. हिल्डाची अंगाला लावायची पावडर असणार. तसं तिला सौम्यपणे म्हटलं. ती म्हणाली, कुलपं दोन, किल्ली तुझ्या गळ्यात, आणि पावडर माझी? उद्या पाऊस पडला तरी माझंच नाव घे.
दुपारचं जेवण थंड मिळालं.

२२ जानेवारी १९८४
पांढरेपणा गुडघ्यांपर्यंत. नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की परिणाम अत्यंत काव्यमय आहे: जणू हिमात चाललेलं संचलन. प्रदर्शनात मांडणीला नाव देणार, 'हिवाळी सलामी'. पिंचबेकला असली कल्पना सात जन्मांत सुचायची नाही.
हिल्डा चष्मा लावून बराच वेळ काचेपाशी उभी होती. म्हणाली, वॉल्टला फोन कर. मी विषय बदलला.

२८ मे, सकाळी
प्रदर्शनाचा दिवस. टेबल मध्यभागी मिळालंय. सामान न्यायला पिंचबेक स्वतः गाडी घेऊन येतोय. येऊ दे. त्याच्यासमोरच उघडतो.

२८ मे, दुपारी
दार उघडताच व्हिनेगरचा वास. बँडमास्तराला उचललं. तो आला, पाय फळीवरच राहिले. बासरीवाल्याला धरलं, तर बोटांत पीठ. पिंचबेकने टोपी काढून छातीशी धरली. म्हणाला, अरेरे, ओक? भल्या गृहस्था, हे तर आम्ही नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगतो. मी म्हणालो, की सुताराने फसवलं, मी महोगनी मागितलं होतं.
पहिल्या दिवशी ते सांगितलंही असेल. त्या दिवशी मी ऐकत नव्हतो, भाषण करत होतो.
पिंचबेकने मदत करू का विचारलं. फार हळू आवाजात विचारलं. ते सर्वांत वाईट.

३ जून
पुनर्गणना. दोनशे चौदांपैकी एकसष्ट. बँडचे चार: दोन तुतारीवाले, एक झांजवाला, एक ढोलवाला. ढोल नाही.
वॉल्टला कळवायला अजून तीन महिने आहेत.

२ सप्टेंबर
कळवलेलं नाही. असल्या गोष्टी समोरासमोरच बोलाव्यात. निवेदनाचा मसुदा तयार, चार पानं. पहिल्या पानात शिशाचा प्राचीन इतिहास, दुसऱ्यात ब्रिटिश हवामान, तिसऱ्यात सुतारांची घसरलेली नीती. हिल्डाने वाचून चारही पानं परत दिली. म्हणाली, एवढं कशाला? ऐकलं नाही, मोडला, चुकलो. तीन शब्दांत होतं.
वस्तुतः चार शब्द. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. यालाही संयम म्हणतात.

९ सप्टेंबर, रविवार
वॉल्ट अकराला आला. एकटा. हातात पाइनची सपाट पेटी, स्वतः केलेली. आत फ्लॅनेल लावलेलं, एकवीस खाचा, प्रत्येक खाच वेगवेगळ्या मापाची. मापं कशी घेतलीस विचारलं. म्हणाला, घ्यायला कशाला लागतात, सगळे पाठ आहेत.
मसुदा खिशात होता. काढला नाही. कपाट उघडून बाजूला झालो.
त्याने बराच वेळ पाहिलं. मग चार जणांना उचलून आपापल्या खाचेत ठेवलं. कुणाची खाच कुठली हे शोधावं लागलं नाही. भुगा कागदावर गोळा केला, पुडी बांधली. मला म्हणाला, हात धू आधी, साबणाने.
हात धुऊन आलो. तो पेटीकडे पाहत होता. रागावलेला वाटला नाही. विचारलं, मी पत्र लिहिलं होतं, ते पोचलं होतं का तुला?
मी म्हणालो, नाही बुवा. हल्ली पोस्टाचं काही खरं नाही.
त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. म्हणाला, मग ठीक आहे. मला वाटलं, वाचूनही तू...
स्वयंपाकघरातून हिल्डा म्हणाली, पोचलं होतं, वॉल्ट.
त्याने पेटीचं झाकण लावलं. दोन्ही कड्या अडकवल्या, एक नीट बसत नव्हती, ती पुन्हा काढून बसवली. चहा घेऊन जा, म्हणालो. नको, म्हणाला, फिलिपा वाट बघतेय. दारापर्यंत गेलो. गाडी वळेपर्यंत उभा होतो. त्याने मागे पाहिलं नाही.
त्याच्यासाठी ओतलेला चहा तसाच होता. मी प्यायलो. दोन चमचे साखर. मला गोड चालत नाही.