‘पाहू’ म्हणजे नाही

माय, तुला आणि मला बाबांनी एकाच दुपारी, एकाच शब्दाच्या आडून फसवलं. हे मी गावोगावच्या सभांत सांगितलं आहे आणि बायांनी डोळे पुसले आहेत. त्याच दुपारी तू मला फसवलंस, ते मात्र मी कुठेही बोलले नाही.

कोंढ्याचं आपलं स्वयंपाकघर. दहावीतली मी दाराशी पुस्तक घेऊन बसले आहे, तू तांदूळ पाखडते आहेस आणि बाबा पुन्हा तेच सांगतायत. पवनीच्या ठेकेदाराची जुनी मोटार स्वस्तात मिळते आहे, बैलजोडी दिली की सौदा पुरा, बाजाराच्या दिवशी सवाऱ्या नेऊ. तू हातातलं सूप थांबवत नाहीस. ती जोडी तुझ्या माहेरच्या गाईची, तुझ्या हातची पेज पिऊन वाढलेली. तू म्हणालीस की रोवणीच्या दिवसांत ज्याला त्याला आपल्या भाताच्या बांधीची घाई असते, तेव्हा बैल मागायला कोणाच्या दारी जायचं? मोटार काही चिखलणी करत नाही. बाबा म्हणाले, जमाना बदलून राहिला. "बदलू द्या. माहे बैल नाही जाणार," तू म्हणालीस. इतका स्वच्छ नकार मी तोवर कोणा बाईच्या तोंडून ऐकला नव्हता. त्या क्षणी मला वाटलं, मोठं होऊन आपण असंच बोलायचं.

परक्या माणसासमोर मात्र तू नवऱ्याला नकार देत नसायचीस. तिथे तू ‘पाहू’ म्हणायचीस, आणि ‘पाहू’ म्हणजे नाही, हे आपल्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. मला पहिलं स्थळ आलं तेव्हा तू ‘पाहू’ म्हणालीस आणि बाबांनीच पाहुण्यांना हात जोडले, की घरचे तयार नाहीत. त्यांना अर्थ कळत नव्हता असं कोणी मला सांगू नये.

म्हणूनच तर त्यांनी तुला एकटीला पुन्हा विचारलं नाही. मग एका दुपारी ठेकेदार गाडी घेऊन अंगणात आला, चहा झाला, "वहिनी, आता बाजाराले राणीवानी जा" अशी त्याची थट्टाही झाली, आणि बाबा मोठ्याने म्हणाले, "काहून वो, घ्याची का मंग?"

तू पदर सावरलास. "पाहू."

"आयकलं? घरचे तयार आहेत."

मी उठले. आयुष्यातलं माझं पहिलं भाषण ते, चारच शब्दांचं. "मायचं पाहू म्हंजे नाही." बाबांची मान खाली गेली. तू नुसती गप्प राहिली असतीस, तरी बैल वाचले असते.

तू माझ्याकडे वळलीस. "तुले कोनं इचारलं? मी कुठी नाही म्हटलं?"

ठेकेदाराच्या माणसाने दावं सोडलं. बैल जाईनात, तेव्हा तूच पुढे होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारलीस, आणि ते तुझं ऐकून निघाले. पावसाळ्यात मोटार चिखलात रुतून बसली. तू बैलांसाठी दारोदार गेलीस, रोवायचे भाताचे पऱ्हे बांधीत पिवळे पडले, आणि बाबांना तू एका शब्दानेही बोलली नाहीस. मलाही नाही.

बाबांवर चिडणं मला कधीच जड गेलं नाही. त्यांनी नवऱ्याचा हक्क वापरला, आणि त्या हक्काशी मी जन्मभर व्यासपीठावरून भांडले. पण तुझ्या बाजूने उभ्या राहिलेल्या एकुलत्या एका माणसाला तू चारचौघांत खोटं पाडलंस. बाबांची लाज राखलीस आणि त्यासाठी मला दिलंस, बैलांसारखं. आजही सभेत एखादी बाई उठून ‘माझी काही तक्रार नाही’ म्हणते, तेव्हा माझा आवाज चढतो. लोकांना तो आवेश वाटतो. मी तुझ्याशी बोलत असते.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणूनच हे मान्य करते की मला बाबांपेक्षा तुझा राग जास्त आहे. माय, ‘मी कुठी नाही म्हटलं’ हे वाक्य मागे घे. त्याच अंगणात, त्या ठेकेदारासमोर, मोठ्याने मागे घे.