अप्पांनी लावलेला चुना

१० नोव्हेंबर
अप्पा पुन्हा नाही म्हणाले! लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — हृदयाची झडप बदला, उशीर नको. आणि हे? "पिकलं पान हाय मी. आता कशाला चिरफाड?" आई रडली. मी भांडले. अप्पा सरळ गोठ्यात जाऊन बसले — म्हशी वाद घालत नाहीत ना!

१७ नोव्हेंबर
उदगीरहून गावी आले. दिवसभर आमराईत, भिंग घेऊन. मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं आमच्या आंब्यांच्या सालीवर वाढतात. हवा बिघडली की आधी तीच मरतात. पलीकडे खडीचं क्रशर सुरू झालं तेव्हापासून त्या बाजूचे ठिपके आक्रसत चाललेत. पीएचडीसाठी तीन वर्षं तेच मोजतेय. पुढच्या रविवारी माझे मार्गदर्शक व्यंकटराव सर नांदेडहून येणार, शेवटचं माप घ्यायला. अप्पांना सांगितलं. केवढे खूश! "मंग झाडं नीट दिसाया पाहिजेत की." मला वाटलं, पाचोळा झाडतील.

२४ नोव्हेंबर
अरे देवा!
एकूण एक खोड काथ्याने घासून लख्ख. वर गेरू-चुन्याचे पट्टे — जणू कलेक्टर येणार! आणि अप्पा धुतलेलं धोतर नेसून, धापा टाकत बांधावर उभे. "शिल्पा, सगळी खरूज काढलो बघ!" ज्या माणसाला जिना चढायची मनाई, त्याने हे केलं.
शेवटचं माप गेलं. त्याशिवाय प्रबंध अपुरा! ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांचे हात दिसले. चुन्याने उललेले. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? सरांनी एका खोडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "झाडं फार छान ठेवलीत." अप्पांचा चेहरा असा फुलला! मी विहिरीमागे जाऊन पोटभर रडून घेतलं.

२५ नोव्हेंबर
आईने सांगून टाकलं त्यांना, की ती खरूज हाच माझा अभ्यास होता. जेवले नाहीत म्हणे. संध्याकाळी त्यांचाच फोन. "पोटच्या पोरीला चुना लावलो की गं मी!" मला हसूच फुटलं. तेही हसले, खोकले.
मग हळूच — "परत येतं का गं ते?"
येतं, म्हटलं, पण मुंगीच्या पावलानं. सर म्हणतात, कोऱ्या सालीवर काय आणि कसं परतून येतं, तेच आता नोंदव.
"किती सालं?"
"नीट दिसायला सात-आठ तरी."
त्यांनी फोन ठेवला.

२८ नोव्हेंबर
सकाळी अप्पांचा फोन. "त्या लातूरच्या डाक्टरची तारीख घे. आठ सालं झाडं राखायची हायत मला."