खाऱ्या पाण्यातली जोडी

माय,

तुला मासे आवडायचे नाहीत. गोदावरीच्या अंगाला आयुष्य गेलं, पण आठवडी बाजारात मासळीच्या बाजूनं जायची वेळ आली की तू पदर नाकाला लावून झपझप पुढं निघायचीस आणि मी मागं पळायचो. तुझ्या लेकानं जालन्याच्या घरात, बैठकीत, काचेच्या पेटीत समुद्रासारखं खारं पाणी करून दोन मासे पाळलेत, हे तुझ्या हयातीत सांगायची माझी छाती झाली नसती. आता सांगतो. बोटाएवढे आहेत. अंग केशरी, आणि डोकं-शेपूट शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं निळं-जांभळं. त्यांना ड्वार्फ एंजल म्हणतात. एंजल म्हणजे देवदूत आणि ड्वार्फ म्हणजे बुटका, असं मी तुझ्या सुनेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बुटका देवदूत! मंग तर तुमच्याच जातकुळीतला."

हे खूळ कसं शिरलं ते खरं सांगतो. पोरगी सासरी गेली, पोरगा पुण्याला शिकायला गेला, आणि पंपाच्या दुकानाचा पसारा एवढा वाढला की मी घरी असलो तरी तिथंच असल्यासारखा असायचो. पुण्यात एका बड्या पंपवाल्या व्यापाऱ्याकडं जेवायला गेल्तो. त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेत हे रंग फिरत होते, आणि येणारा माणूस मालकाशी बोलायचं सोडून तिकडंच बघत बसायचा. मी जळलो. माझं जळणं तुला माहीत आहे. दुसऱ्यानं बसवलेल्या मोटारीनं जास्त पाणी फेकलं तरी मला जेवण गोड लागत नसे. घरी येऊन लगेच पेटी बनवायला टाकली. इथं नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, प्यायलासुद्धा टँकर. शेजारचे गुरुजी फाटकातून डोकावून म्हणाले, "शेठ, माशाला मुंबईहून मीठ मागवलं म्हणं! आमच्या बोअरचं पाणी न्या की. तयार खारं हाय, खर्चाच न्हाई." मी हसलो, त्यांनाही चहा पाजला. वीज सारखी जाते म्हणून पेटीला वेगळा इन्व्हर्टर बसवला. तुझी सून म्हणाली, "माझ्या मिक्सरचं नशीब न्हाई एवढं."

चूक मात्र मी केलीच, आणि ती आपल्याच मातीची चूक. पुण्याच्या मासेवाल्यानं बजावून सांगितलं होतं, "काका, एक मोठा घ्या, एक छोटा. हे मासे सगळे मादी म्हणूनच जन्माला येतात. दोघांत जो मोठा, दांडगा, तो पुढं नर होतो. बरोबरीचे घेतलेत तर पटणार नाही, एक दुसऱ्याला मारून टाकेल." मी ऐकून घेतलं. पण मी मामाच्या मागं बैलबाजार फिरलेला माणूस. जोडी म्हणजे खांद्याला खांदा, शिंगाला शिंग, रंगाला रंग. एक बैल उंच आणि एक ठेंगणा, अशी जोडी कुणी जुंपतं का? काचेला नाक लावून मी अगदी सारखे दोन निवडले. मासेवाला म्हणाला, "तुमची मर्जी." हीच 'तुमची मर्जी' मी गिऱ्हाइकाला जन्मभर म्हणत आलो, तिचा अर्थ मला तरी कळायला पाहिजे होता. थर्माकोलच्या खोक्यात, हवा भरलेल्या पिशव्यांत, मांडीवर घेऊन त्यांना जालन्याला आणलं. एक-दोन दिवस गोडीत गेले. मग एकानं दुसऱ्याला कोपऱ्यात धरलं. ज्याला धरलं त्याचे पर जुन्या धोतरासारखे फाटले, तो पंपाच्या नळीमागं दडून बसला, खायलाही बाहेर येईना. मी कपाळाला हात लावून बसलो. तुझी सून म्हणाली, "बैल न्हाईत हो ते."

मी तिला मासेवाल्याचं सांगणं सांगितलं, की यांच्यात मादीच पुढं नर होते. ती खो-खो हसली. "म्हंजे आत्याबाईवानी!" तुला ती आत्याबाईच म्हणते, अजूनही. मीही हसलो, आणि मग ध्यानात आलं. बाप मला आठवतही नाही एवढ्या लहानपणी गेला, आणि त्या दिवसापासून घरातला बाप तू झालीस. बांधावर उभं राहून भाऊबंदांशी भांडणारी तू, मला शाळेतून काढायला आलेल्या चुलत्याला दारातून परत पाठवणारी तू, मला पहिली पक्कड घेऊन देणारी तू. हे मी कधी कुणापाशी बोललो नव्हतो. स्वतःशीसुद्धा नाही. तिनं एका शब्दात बोलून टाकलं. आई माझी, आणि शब्द सुचला तिला. तिथून ते जुनं पुन्हा सुरू झालं.

जुनं म्हणजे आपल्या घनसावंगीच्या घरातलं. लग्न झालं ते साल एक्याऐंशी. तुझ्या हाताखाली कुणी टिकत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि मी कंबर कसून तयार होतो. इकडून तू गाऱ्हाणं घालशील, तिकडून ती घालेल, मी मधे बसून दोघींना समजावीन आणि दोघींना हवाहवासा होईन, असा माझा हिशोब. गाऱ्हाणं आलंच नाही. पुढं माझं जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान, मागं स्वयंपाकघर, मधे पत्र्याची भिंत. माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यानं जीप गेली तर तिचं काय बिघडलंय ते मी खाली मान घालून सांगायचो. मोटारीचं झाकण न उघडता बेअरिंग गेलं की बुश, ते विहिरीच्या काठावरून सांगायचो. एवढा धंदा उभा राहिला तो या दोन कानांवर. पण त्या पत्र्यापलीकडचं मला ऐकू यायचं नाही, कारण बोलायच्या आधी तू स्टोव्हला पंप मारायचीस. भर्रर्र सुरू झाला की तुमचं दोघींचं सुरू. वर ना चहा ना भाजी, नुसता स्टोव्ह. रॉकेल जळतंय आणि तुम्ही हसताय, आणि इकडं मी तांब्याची तार हातात धरून वेढे चुकतोय. आत आलो की तू विचारणार, "काय पायजे?" जसा मी कुणी चुकून आत शिरलेलं गिऱ्हाईक.

एकदा जेवताना बोललोच. "माय, मला काही सांगत न्हाई तू. सगळं तिलाच." तू भाकरी थापायची थांबलीसुद्धा नाहीस. "तुला काय सांगायचं बाबा? तुला तर सगळं ऐकू येतं. समजायचं तेवढं राहून जातंय." तुझी सून पदरात तोंड घालून हसायला लागली. मी ताटावरून उठलो. कुणी बस म्हणालं नाही. मी बाहेर जाऊन उगीच एक चांगली मोटार उघडली.

आणि शेवटी औरंगाबादचा दवाखाना. मी औषध आणायला खाली गेल्तो. वर आलो तर तुम्ही बोलून मोकळ्या झालेल्या. तुझे डोळे मिटलेले, तिचे भरलेले, आणि तरी ओठावर हसू. मग तू मला म्हणालीस, "जेवला का?" एवढंच. दुसऱ्या दिवशी गेलीस. तेरावा व्हायच्या आधी मी तिला विचारलं, "काय म्हणली माय तुला?" ती म्हणाली, "बायकांचं बोलणं." वर्षं गेली. भांडणात विचारलं, लाडात विचारलं, एकदा तर नव्या पाटल्या पुढं ठेवून विचारलं. पाटल्या तिनं घातल्या. सांगितलं नाही. माणूस भावावर जळतो, शेजाऱ्यावर जळतो, ते चारचौघात सांगताही येतं. आपल्याच आईवरून आपल्याच बायकोवर जळतो हे कुठं सांगावं?

तर मासे. फाटक्या पराचा मासा पुण्याला परत दिला, आणि या खेपेला मासेवाल्याचं निमूट ऐकून निम्म्यानं लहान असा आणला. तो पिशवीत, पिशवी पेटीतल्या पाण्यावर तरंगतेय, आणि आतला मोठा पिशवीला खालून टोचे मारतोय. घर त्याचं झालं होतं. प्रत्येक कपार त्याच्या नावावर. मी म्हणालो, "सोडू का?"

"थांबा." तिनं पदर खोचला, पाटल्या वर सारल्या, आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पेटीतले दगड हलवायला घेतले. कपार होती तिथं मोकळं केलं, मोकळं होतं तिथं दगडावर दगड रचला.

मी ओरडलो, "अगं, केवढ्या मेहनतीनं रचलंय! त्याचं घर मोडून राह्यली तू."

"मोडायचंच हाय."

मोठा गोंधळला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आपलं दार धुंडत फिरायला लागला. तेव्हा तिनं पिशवी उघडली. आता दोघंही सारखेच नवे. मोठ्यानं थोडा पाठलाग केला, नाही असं नाही, पण त्याचं मन त्यात नव्हतं. त्यालाच कुठं जायचं ते कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोघं एकाच दगडाभोवती चाचपडत फिरत होते.

"हे कुठं शिकली तू?"

हात पुसत ती म्हणाली, "आत्याबाईपाशी."

"माय? आन् मासे?"

"मासे न्हाई हो. मी नवी नवरी घरात यायच्या आधी त्यांनी समदं सैपाकघर उलटंपालटं केल्तं. मांडणी इकडची तिकडं, डब्यातलं सामान दुसऱ्या डब्यात. पहिल्या दिवशी मी भीत भीत विचारलं, मीठ कुठंय? तर म्हणल्या, मलाबी ठाव न्हाई पोरी, चल धुंडू. दोघी धुंडत बसलो. हळदीच्या डब्यात शेंगदाणे निघाले, साखरेच्या डब्यात साबण. तितं जे हसायला लागलो..." पदरानं काचेवरचे थेंब पुसत ती पुन्हा हसली.

तो दिवस मला लख्ख आठवला. ती मांडणी मीच तर उचलून दुसऱ्या भिंतीला नेली होती. मला वाटलं पाहुणे येणार म्हणून साफसफाई चाललीय. चहाची पत्ती कुठंय विचारलं तर तू म्हणालीस, "धुंड." मला वाटलं लग्नाच्या दगदगीनं तुझं डोकं फिरलं. माय, ज्या घरात तू अंधारात हात घातलास तरी हवा तोच डबा हाताला लागायचा, ते घर तू स्वतःला अनोळखी करून घेतलंस, का तर एका परक्या पोरीला एकटीला अनोळखी वाटू नये. हे ऐकून माझा ऊर भरून यायला पाहिजे होता. आला, थोडा उशिरा. त्याच्या आधी काय आलं ते सांगतो. माझ्यासाठी तू कधी एक डबा तरी हलवलास का? हे आलं. पन्नाशी गाठलेल्या, नातवंडाची वाट बघणाऱ्या माणसाच्या मनात आलं.

आता दिवेलागणीला पेटीवरचा दिवा मंद केला की दोघं दगडातून निघतात. मोठा छोट्याच्या पोटाला तोंड लावतो आणि दोघं गिरक्या घेत वर वर येतात, पार पाण्याच्या टोकापर्यंत, आणि फटकन सुटून खाली. तुझी सून खुर्ची टाकून बसलेली असते. तिचं बोट काचेवर गेलं की दोघं धावत येतात. माझं गेलं की दगडाआड. पैसे माझे, मीठ माझं, इन्व्हर्टर माझा. परवा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. विचारायचं म्हणून बसलो नव्हतो, थकलो होतो म्हणून बसलो. म्हणालो, "ती मांडणी मीच उचलल्ती. लई जड होती." ती हसली. मग काचेवरची नजर न काढता ती म्हणाली, "दवाखान्यात म्हणल्या, त्याला सगळं ऐकू जातं म्हणून मी त्याला कधी काही सांगितलंच न्हाई गं बाई. तेवढं राह्यलं माझ्याच्यानं. तू सांगत जा त्याला."

मग म्हणालो, "मंग इतकी वर्षं का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही फौजदारावानी विचारायचे."

"बस, एवढ्यासाठी?"

"आन् तेवढंच एक माझ्यापाशी होतं त्यांचं. तुमच्या तर त्या जल्मापासूनच्या होत्या."

म्हणजे तीही जळत होती. एका घरात दोघं, इतकी वर्षं, एकाच माणसावरून. मी व्यापारी माणूस, मनात शंका आलीच की हे वाक्य हिनं आत्ताच तर जुळवलं नसेल? पण "राह्यलं माझ्याच्यानं" म्हणताना तिनं तुझाच आवाज काढला होता, शेवटाला खाली ओढल्यासारखा. मी म्हणालो, "पुन्हा म्हण." तिनं म्हटलं. "आणखी एकदा." ती वळून माझ्याकडं बघायला लागली, तिला वाटलं मला बोलणं नीट समजलं नाही. बोलणं पहिल्या वेळीच समजलं होतं. हा कागद मी तिला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तर तो जायचाच नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. तुझा आवाज कसा होता ते मी केव्हाच विसरलो होतो, माय.