हरणदोडी सुखात, खर्चुडी रुसलेली

३ ऑगस्ट, रविवार
सगळ्यात आधी टपकली ती शेजारची केसरबाई. आमच्या दारात गाडी दिसली की हिच्या घरातली साखर संपती. मागनं माझी नात मोनिका अन् तिच्या कॉलेजच्या आम्रपाली मॅडम. मोनिकाचा प्रोजेक्ट हाय दोन फुलांवर, कुंपणावरची हरणदोडी अन् आपल्या माळावरची खर्चुडी. मॅडम समजावत होत्या, मी लगेच ओळखलं, ही तर स्थळ बघायची रीत! कूळ इचारायचं, घर बघायचं, माणसं किती ते मोजायचं. कूळ दोघींचं एकच, रुईचं. चुलत बहिणी. हरणदोडी कुणाच्याबी कुंपणावर पसरती, गोतावळा मोठा. खर्चुडीला मुरमाड उतारच लागतो, अन् आमच्या निघोजे गावात गोदामं उठल्यापासनं उतार राहिलेत कुठं? आपल्या माळावर सात हायेत. पुढच्या रविवारी कॉलेजचे मोठे सर मोजायला येणार, त्यावर मोनिकाचे मार्क. राखण माझ्याकडं! हात लावायचा न्हाई, मॅडमनी बजावलंय. न्हाईच लावणार.

४ ऑगस्ट, सकाळी
बघून आले. हात लावला न्हाई. एकदाच लावला. फूल कसलं, इवलासा कंदीलच! पर बिचारीला ना माती, ना सावली. बहीण कुंपणावर खुशाल लोळतीय अन् ही दगडात.

५ ऑगस्ट
मोठ्या सरांचे गुडघे दुखत असले तर माळ चढणार कसे? पाच खर्चुड्या कंदासकट खणून आणल्या. रंगाच्या बादल्या, काळी माती, शेणखत, दोन टाइम पाणी. दोघी कातळाच्या भेगेतनं निघाल्याच न्हाईत. हट्टी मेल्या. आमचा म्हातारा म्हणाला, मॅडमला इचारलंस का? म्हटलं, लेक माहेरी आणायला मास्तरची परवानगी लागती व्हय?

८ ऑगस्ट
माना टाकल्या. पाणी वाढवलं. केसरबाई म्हणती, नजर लागली. लागली असंल तर तिचीच.

९ ऑगस्ट
पाचीच्या पाची आडव्या. कूळ एक असलं तरी स्वभाव एक नसतो, हे मोनिकाला प्रोजेक्टात लिहायला सांगीन. कंद मात्र शाबूत. लहानपणी गुरांमागं आमी हेच खायचो. वाया कशाला घालवा?

१० ऑगस्ट, दुपारी
सर आले. कंदाची भाजी वाढली. दोनदा घेतली त्यांनी. म्हणाले, आजी, कशाची हो? सांगितलं. सरांनी हातातला घास ताटात ठेवला. चव जिभेवर बसली की माणूस घास असाच जपून खातो. मोनिका बादल्यांकडं बघत राहिली, मग मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल. तिखट जरा जास्तच पडलं असंल.

मग सर स्वतःच माळ चढले, गुडघे ठणठणीत. त्या दोन हट्टी तेवढ्या फुलून बसल्या होत्या. सरांनी वहीत साताचे दोन केले. प्रोजेक्ट आता त्या उरलेल्या दोघींवरच.

बुधवारी, १३ तारखेला, सगळी परत येणार हायेत, त्या दोघींभोवती जाळी बसवायला. त्या दिवशी मी देहूला बहिणीकडं जायचं, मोनिकानं बसचा टाइमसुद्धा लिहून दिलाय. किती काळजी करती पोर.