खलातला उजेड

९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. पडसं गेलं, श्रेय तुझ्या गोळ्यांना दे, माझी हरकत नाही. ‘शिक्षण संपलं, आता परत कधी येतेस?’ असं पुन्हा विचारलं आहेस. सांगते. आधी प्रयोगशाळेतली गंमत ऐक.

माझे स्फटिक तयार झाले! तांब्याच्या संयुगाचे. आत तांब्याचे अणू, त्यांना चहूबाजूंनी धरून बसलेले दुसरे रेणू. दिवसा बघशील तर साखरेचे दाणे. अतिनील दिव्याखाली धरले, की असे हिरवे उजळतात की बघत राहावं. वाढताना कुपी हलली तर स्फटिक बिघडतात, म्हणून ती ठेवली होती त्या कपाटाजवळ मी शिंकलेसुद्धा नाही.

मग एका तपासणीसाठी थोडी पूड हवी होती. हलकेच चुरलं असतं तरी चाललं असतं. पण तुझ्या औषधाच्या दुकानात वाढलेली मुलगी मी! खल घेतला आणि बोटाला कण लागेनासा होईपर्यंत खलत बसले. दिवा लावला तर हिरवा गायब. लख्ख नारिंगी!

माझ्या मार्गदर्शक बाई धावत आल्या.
“काय मिसळलंस यात?”
“काही नाही. नुसतं खललं.”
“अगं, पीठ पाडलंस की! कुणी शिकवलं हे?”
“आत्यानं.”
“नमस्कार सांग त्यांना,” बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

मी रडकुंडीला आले. पूड धुऊन टाकावी म्हणून द्रावकाचे थेंब सोडले, तर पुन्हा हिरवी! परत खललं, परत नारिंगी. बाई स्टुलावर बसल्याच. खलताना तांब्याचे अणू एकमेकांजवळ सरकत असावेत, त्यानं उजेडाचा रंग बदलत असावा, असा अंदाज आहे. खात्री करायला काही वर्षं लागतील. बाईंनी विचारलं, “थांबशील?” आणि आत्या, मी हो म्हटलं. तुला न विचारता.

दुकानाच्या नव्या पाटीवर माझंही नाव घालणार आहेस, हे शेजारच्या काकूंनी कळवलं. घालू नकोस गं. दुकान चालवायला मी येणार नाही. यंदा नाही, पुढेही नाही.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझं,
घुबड

२१ नोव्हेंबर

चि. घुबडास अनेक आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस गिऱ्हाइकांवर खेकसले. मग रंगाऱ्याला सांगितलं, माझं एकटीचंच नाव घाल. जागा उरली म्हणून अक्षरं मोठी आली; झोकात दिसतात.

खलायला मी शिकवलं, खरं. खल आधी धुवायलाही शिकवलं होतं. धुतला होतास ना?

शुक्रवारी येतेय, दुकान बंद ठेवून. तुझे बाबा गेले त्यानंतर एकदाही ठेवलं नव्हतं. मला तो हिरवा बघायचाय. थोडे दाणे न खलता ठेव. नारिंगी मी करणार.

दुकानाच्याही आधी तुझी,
आत्या