मावशीला गेलेलं उत्तर

चिरंजीव,

मी मावशीकडे निघाले आहे. सकाळी ती स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि तिने मला मेसेज केला, "उठता येत नाहीये, लवकर ये." मी अंघोळीला गेले होते. तू मोठ्या कौतुकाने माझ्या फोनमध्ये घातलेल्या त्या आपोआप उत्तर देणाऱ्या अ‍ॅपने तिला परस्पर कळवलं, "अरे वा! मजा करा!" शेवटी शेजारणीने तिला उठवून दवाखान्यात नेलं. मग मावशीने फोन करून मला एवढंच विचारलं, "ताई, मजा कसली करू गं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वर तू म्हणशील, सेटिंग चुकलं असेल. डोंबलाचं सेटिंग! फोन तुझ्या टेबलावर ठेवलाय, आधी ते अ‍ॅप काढ. संध्याकाळी दवाखान्यात ये आणि मावशीशी स्वतःच्या तोंडाने बोल. तुझ्या वतीने मी एक शब्दही बोलणार नाही.

आई